बरसीम कापल्यावर मुळांवरच्या गाठींचं काय होतं?



बरसीमच्या धुतलेल्या मुळांचा फोटो मागं टाकला होता, तेव्हापासून दोन प्रश्न सारखे येतायत. पहिला, वरून विळा फिरला की खालच्या गाठी मरतात का? दुसरा, कापणी झाली की युरिया टाकायचा का? दोन्हींचं उत्तर एकाच जागी आहे, म्हणून एकत्रच लिहितो. थोडं लांब झालंय. संध्याकाळचं दूध घालून आल्यावर निवांत वाचा.

नव्या मंडळींसाठी आधी ओळख करून देतो. इंग्रजीत ज्याला क्लोव्हर म्हणतात त्या कुळातलं आपल्याकडं चाऱ्यासाठी घेतलं जाणारं पीक म्हणजे बरसीम. तीन पानांचं, पांढऱ्या फुलाचं, थंडीत जोमानं वाढणारं आणि उन्हाळा तापला की संपणारं. मूळचं इजिप्तकडचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते सिंधमध्ये आलं आणि तिथून पंजाबात पसरलं. आपली लसूणघास ही त्याची चुलत बहीण. ती दोन-तीन वर्षं राहते, बरसीम एकाच हंगामाचं. पण दोघींच्याही मुळांवर गाठी असतात आणि दोघींनाही आपण महिन्या-महिन्याला कापतो. म्हणून आज जे लिहितोय ते लसूणघासवाल्यांनाही बरंचसं लागू पडेल.

माझा तुकडा 10 गुंठ्यांचा, त्यात 30 वाफे. 7 नोव्हेंबरला पेरलं. बियाणं आधी मिठाच्या पाण्यात टाकून वर तरंगलेलं कासनीचं बी काढून टाकलं, मग चांगल्या पाण्यानं धुऊन, गुळाच्या पाण्यात कालवलेलं रायझोबियम चोळलं. ते क्लोव्हरचंच घ्यावं लागतं. लसूणघासीचं वेगळं, सोयाबीनचं वेगळं. एकाचं दुसऱ्याला चालत नाही. पहिली कापणी 29 डिसेंबरला सुरू झाली, म्हणजे 52 व्या दिवशी. अर्धा चारा घरच्या गाईंना आणि अर्धा वाफ्यावर विकायचा.

वाफ्यावर विकणं काय असतं ते घासवाल्यांना सांगायला नको. वाफ्याचा दर ठरतो, घेणारा विळा घेऊन येतो आणि स्वतः कापून नेतो. आता ज्यानं अख्ख्या वाफ्याचे पैसे मोजलेत तो वाफ्यात काय ठेवेल? जमिनीला विळा घासून कापतो, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं. माझ्याकडं वस्तीवरच्या एक मावशी येतात. जमीन नाही, दोन गाई आहेत. त्यांचा संसार त्या दोन गाईंच्या दुधावर. रोज एक वाफा त्यांचा. त्यांनी कापलेला वाफा बघितला तर न्हाव्यानं वस्तरा फिरवल्यासारखा.

दुसऱ्या कापणीच्या वेळी मी त्यांना म्हटलं, "मावशी, चार बोटं बुडखा ठेवून कापा."

त्या विळा थांबवून म्हणाल्या, "का रं? वाफ्याचे पैसे दिलेत मी. बुडख्याचे नाय का दिले?"

प्रश्न रास्त होता. "पिकाला चांगलं असतं" एवढ्या उत्तरावर दोन गाईंच्या गव्हाणीतली पेंढी कोण सोडेल? म्हणून ठरवलं की मुळाशी काय चालतं ते नीट बघायचं, आणि मगच त्यांच्याशी व्यवहाराचं बोलायचं.

आधी गाठीचा कारभार समजून घेऊ. रायझोबियमचे जिवाणू मुळाच्या केसातून आत शिरतात आणि मूळ त्यांना राहायला गाठ बांधून देतं. झाड पानात तयार झालेली साखर खाली पाठवतं. जिवाणू त्या साखरेच्या जोरावर हवेतला नत्र झाडाच्या उपयोगी रूपात आणून देतात. हे काम करणारं जिवाणूतलं विकर म्हणजे नायट्रोजिनेज, आणि त्याला प्राणवायूचं वावडं आहे. प्राणवायू जास्त झाला की ते बिघडतं. पण जिवाणूला श्वास घ्यायला प्राणवायू तर हवाच. मग गाठीच्या बाहेरच्या थरात प्राणवायू अडवायची सोय असते, आणि आत लेगहिमोग्लोबिन नावाचं द्रव्य लागेल तेवढाच प्राणवायू जिवाणूंपर्यंत नेऊन पोचवतं. आपल्या रक्तातल्या लाल द्रव्याचाच तो भाऊ. गाठ नखानं फोडली की आत जो गुलाबी रंग दिसतो तो त्याचाच.

म्हणजे गाठ चालायला दोन गोष्टी लागतात, पानातून साखर आणि मोजका प्राणवायू. आता वरून पानंच कापली तर?

साधा हिशेब असा की साखर बंद झाली म्हणून गाठ उपाशी पडली. बरीच वर्षं शास्त्रज्ञही असंच धरून चालले होते. पण 1987 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या हार्टविग, बोलर आणि न्योसबर्गर यांनी पांढऱ्या क्लोव्हरवर केलेलं काम प्रसिद्ध झालं. पानं काढल्यावर काही तासांतच गाठींचं काम पार खाली आलं. मग त्यांनी मुळांभोवतीच्या हवेतला प्राणवायू वाढवला, तर गाठी पुन्हा काम करायला लागल्या. गाठीत साखर अगदीच संपली असती तर नुसता प्राणवायू वाढवून काम सुरू झालं नसतं. याचा अर्थ गाठीनं आपली प्राणवायूची वाटच आवळून घेतली होती. लोहाराच्या भट्टीत कोळसा शिल्लक असतो, पण भाता थांबवला की आग मंदावते. तसंच हे.

झाड असं का करतं? पानं गेली की नवीन वाढीसाठी नत्राची मागणीही घटते. शिवाय मुळांत आणि बुडख्यात आधीचा साठा असतो, थोडी साखर आणि थोडी प्रथिनं. नवा फुटवा पहिले काही दिवस त्या साठ्यावरच निघतो. अशा वेळी खर्चिक गाठी पूर्ण जोरात चालवणं झाडाला परवडत नाही. साठवलेलं धान्य खायचं आणि सालगड्याला थोडे दिवस सुट्टी द्यायची, असा तो हिशेब.

ही सुट्टी किती दिवसांची, हा आपल्या कामाचा प्रश्न. अमेरिकेत मिनेसोटात व्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1979 मध्ये लसूणघासीवर हे मोजलं. कापणीनंतर 24 तासांत गाठींची नत्र धरायची ताकद 88 टक्क्यांनी घटली. ती जवळपास दोन आठवडे खालीच राहिली, आणि नवा पाला वाढायला लागल्यावर पुन्हा वर चढली. त्यांनी गाठी उभ्या चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या. मुळाला चिकटलेल्या बाजूचा भाग खराब झाला होता, पण टोकाकडचा वाढणारा भाग आणि आतल्या नळ्या शाबूत होत्या. गाठी एकगठ्ठा गळून पडल्या नव्हत्या. पाला परत आला तशी टोकापासून नवी वाढ होऊन तीच गाठ पुन्हा कामाला लागली.

इथं सोयाबीनवाल्यांनी एक फरक ध्यानात ठेवावा. सोयाबीनची गाठ गोल असते, वाटाण्यासारखी. तिला वाढणारं टोक टिकत नाही. ती एकदा म्हातारी झाली की संपली. बरसीम आणि लसूणघासीची गाठ लांबट असते, तांदळाच्या दाण्यासारखी, कधी बोटासारखी, कधी टोकाला फाटे फुटलेली. मागून झिजते, पुढून वाढते. वारंवार कापणी सोसायची ताकद तिला या टोकामुळंच मिळते.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं. एका कापणीनं गाठ मरत नाही, थांबते. पण थांबलेली गाठ पुन्हा चालू व्हायला पानं लागतात, आणि पानं यायला दिवस लागतात. तेवढे दिवस मिळण्याआधीच पुन्हा विळा फिरला आणि फिरतच राहिला, तर मात्र गाठी आणि बारीक मुळं गळायला लागतात. न्यूझीलंडमध्ये 1959 सालीच पांढऱ्या आणि लाल क्लोव्हरवर हे बघितलं गेलं होतं. पानं काढली किंवा झाडं सावलीत ठेवली, दोन्हींमुळं मुळं आणि गाठी गळतात. त्या देशाची सारी दुभती जनावरं क्लोव्हर मिसळलेल्या कुरणांवर, म्हणून त्यांना याची काळजी आपल्या आधी लागली. तिथं गळलेल्या गाठींतला नत्र शेजारच्या गवताला तरी मिळतो. आपल्या वाफ्यात नुसतं बरसीमच असतं.

आता माझ्या वाफ्यांत काय दिसलं ते सांगतो. ही शास्त्रीय चाचणी नव्हे. एक शेत, एक हंगाम, एक बादली आणि एक कुदळ.

दुसऱ्या फेरीत दोन वाफे शेजारी-शेजारी निवडले. एक नेहमीसारखा जमिनीलगत कापलेला, दुसरा चार बोटं, म्हणजे साधारण 7 सेंटीमीटर बुडखा ठेवून. कापायच्या आदल्या दिवशी, मग तिसऱ्या, दहाव्या, अठराव्या आणि सव्विसाव्या दिवशी प्रत्येकातली पाच-पाच झाडं काढली. झाड उपटायचं नाही हे आधी सांगतो. उपटलं की गाठी मातीतच तुटून राहतात आणि आपण म्हणतो, गाठीच नाहीत. चारी बाजूंनी कुदळीनं वीतभर खोल ढेकूळ उचलायचं, ते बादलीत अर्धा तास भिजू द्यायचं, मग हलक्या हातानं माती सोडवायची.

कापणीआधी दोन्ही वाफ्यांत गाठी टपोऱ्या, फोडल्यावर लालसर गुलाबी.

तिसऱ्या दिवशीही गुलाबीच. इथं पुष्कळ जण फसतील. वर सांगितल्याप्रमाणं काम तर काही तासांतच खाली येतं, पण रंग लगेच जात नाही. बंद पडलेल्या गिरणीचीही पाटी झळकतच असते. म्हणून कापणीनंतरच्या पहिल्या आठवड्यात गुलाबी रंग बघून गाठी जोरात चालल्यात असं समजू नका.

दहाव्या दिवशी फरक दिसला. दोन्हींकडं गाठीचा मुळाजवळचा भाग हिरवट झालेला. बुडखा ठेवलेल्या वाफ्यात टोकं गुलाबी होती आणि वर दोन बोटं पाला आला होता. जमिनीलगत कापलेल्या वाफ्यात फुटवा उशिरा, आणि बऱ्याच झाडांचा बुडातला डोळाच विळ्यानं उडालेला. बरसीम फुटतं ते बुडाजवळच्या डोळ्यांतून. ते डोळे आणि बुडख्यावरची चार बारकी पानं, एवढंच भांडवल घेऊन झाड पुन्हा उभं राहायचं असतं.

अठराव्या दिवशी बुडखा ठेवलेल्या वाफ्यातल्या गाठींची टोकं पुढं सरकलेली स्पष्ट दिसत होती, रंगही चढलेला. दुसऱ्या वाफ्यात काही गाठी तपकिरी, हातात घेतल्या की चुरा होणाऱ्या, आणि काही नव्या, बारीक, पांढऱ्या. सव्विसाव्या दिवसापर्यंत तो वाफाही बऱ्यापैकी सावरला. चार-पाच दिवस मागं, पण सावरला.

हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नीट दिवस दिले तर खोल कापलेला वाफाही येतो. खरी मारामारी दिवसांची आहे. 30 दिवसांच्या फेरीत पहिले दोन आठवडे गाठी जवळपास बसून, नंतरचे दोन आठवडे कामावर. फेरी 15 दिवसांवर आणली तर गाठी उठून उभ्या राहतात तोवर पुन्हा विळा. म्हणजे गाठी असूनही काम जवळजवळ शून्य. मग बरसीम आणि मका यांच्यात फरक काय राहिला? दोघंही जमिनीतलाच नत्र खाणार.

आणि हा नत्र किती जातो त्याचा हिशेब मांडू. एक टन हिरव्या बरसीममध्ये पाणीच 85 टक्क्यांच्या आसपास. कोरडा भाग धरा 150 किलो. त्यात प्रथिनं साधारण 17 ते 18 टक्के, म्हणजे 26 किलो. प्रथिनाला 6.25 नं भागलं की नत्र निघतो, 4 किलोच्या थोडं वर. युरियाच्या भाषेत 9 किलो. पाच टन चारा बांधाबाहेर गेला की युरियाची 45 किलोची एक गोणी बाहेर गेली समजा. बरसीमचं एकरी उत्पन्न हंगामात 25 ते 30 टन धरतात. माझ्या 10 गुंठ्यांतून सहा-सात टन निघतं. घरच्या गाईंनी खाल्लेल्या चाऱ्याचं शेण-मूत उकिरड्यावरून परत शेतात येतं. विकलेल्याचं येत नाही, ते मावशींच्या दारात पडतं. म्हणजे विकलेल्या प्रत्येक पेंढीचा नत्र एक तर गाठींनी भरायचा, नाही तर जमिनीनं. दिवस न देता कापलं तर तो जमीन भरते, आणि पावती पुढच्या पिकाला मिळते.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की बरसीम किती दिवसांनी आणि किती उंचीवर कापायचं हा निर्णय चाऱ्याचा दिसतो, पण खरा तो खताचा आहे.

हे सगळं घेऊन मावशींकडं गेलो. अर्थातच नायट्रोजिनेज वगैरे काही बोललो नाही. तराजूकाटा घेऊन गेलो. त्यांनी नेहमीसारखा वाफा कापला, 45 किलोच्या आसपास भरला. मग पेंढ्यांचा बुडाकडचा चार बोटांचा भाग वेगळा कापून तोलला. चार ते पाच किलो. म्हणजे चार बोटं ठेवली तर मावशींचं दहा वाफ्यांमागं एका वाफ्याचं नुकसान. मी म्हटलं, "दहा वाफ्यांमागं अकरावा वाफा तुम्हाला बिनपैशाचा. चार बोटं मात्र ठेवायची."

त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. मग म्हणाल्या, "तसं बी बुडाची काडी जाडी गाय गव्हाणीतच सोडती. पण अकराव्याचं इसरू नको बरं का."

त्याच आठवड्यात 30 वाफ्यांच्या तोंडाला पाटाकडून खुंट्या ठोकल्या आणि आकडे घातले. 1 नंबरपासून सुरू करायचं, क्रमानं जायचं, चांगला दिसतो म्हणून पुढचा वाफा आधी कापायचा नाही. रोज एक वाफा गेला तर पुन्हा 1 नंबरला यायला आपोआप 30 दिवस. घरच्यासाठीही मी याच फेरीत बसलो. एक दिवस त्या, एक दिवस आम्ही. मधल्या दिवशी त्यांच्या गाईंना कडबा आणि आमच्या गाईंना मुरघास. ओल्या बरसीमनं गाईंची पोटं फुगतात हे आपल्याला माहीतच आहे. सोबत कोरडी वैरण पोटात गेली तर तेही बरं.

हे इथपर्यंत छान जमलं. अडचण मार्चची होती.

मार्चमध्ये बांधावरचं गवत वाळतं, कडब्याचे दर चढतात, आणि भूमिहीन माणसाला हिरवं मिळायची एकच जागा उरते, घासवाल्याचा वाफा. मावशी म्हणाल्या, "आता रोजचा एक वाफा दे, न्हाय तर दूध तुटतंय." त्यांचा रोज एक आणि माझा रोज एक, म्हणजे फेरी थेट 15 दिवसांवर. वर केलेला सगळा हिशेब इथं येऊन आडवा पडतो. गाठीला पंधरवडा हवा आणि गाईला आज वैरण हवी. गाय बांधून ठेवून गाठीची काळजी करायला कुणी सांगत असेल तर त्यानं मावशींच्या गोठ्यात एक दिवस काढावा.

यावर माझ्याकडं जादूचा उपाय नाही. जे केलं ते सांगतो. मार्चचा पेच येणार हे दिसत होतं, म्हणून जानेवारीच्या मध्यालाच विहिरीकडच्या दोन गुंठ्यांत चाऱ्याचा मका टाकला होता. मार्चच्या उत्तरार्धात तो कापणीला आला. तोवरचे दोन आठवडे मी घरच्या गाईंचं बरसीम बंद करून त्यांना मुरघासावर ठेवलं आणि माझ्या पाळीचा वाफा मावशींना दिला. फेरी 30 दिवसांचीच राहिली. त्यात माझं दूध थोडं उतरलं, ते मी मोजलंय. पण तुकड्याचा नत्र शाबूत राहिला, तेही मोजण्यासारखंच आहे, फक्त डेअरीच्या पावतीवर येत नाही. ज्यांच्याकडं मुरघास नाही त्यांनी असं कसं करावं हा प्रश्न उरतोच. माझ्या मते घास विकणाऱ्यानं बरसीम पेरतानाच मार्चच्या हिरव्याची सोय पेरावी. ऐनवेळी सगळा भार बरसीमवर टाकला की नुकसान विकणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचंही, कारण एप्रिलचा वाफा मग विरळच निघतो.

आता दुसरा प्रश्न, कापणीनंतर युरियाचा.

कापणीनंतर गाठी बसलेल्या असतात, त्यामुळं युरिया टाकला की फुटवा हिरवागार दिसतो आणि आपल्याला वाटतं, बघा लागू पडला. लागू पडतो यात शंका नाही. पण जमिनीत आयता नत्र दिसला की झाड गाठींवर खर्च करायचं कमी करतं, हा द्विदल पिकांचा जुना ठाऊक स्वभाव आहे. म्हणजे सुट्टीवर गेलेल्या गड्याला आपणच सांगतो, येऊ नको. पुढच्या कापणीला पुन्हा युरिया, त्याच्या पुढच्यालाही. सवय जडते आणि गाठी नावापुरत्या उरतात.

म्हणून माझी पद्धत अशी. पेरणीला थोडा नत्र, कारण तेव्हा गाठी तयार व्हायच्या असतात. स्फुरद मात्र भरपूर, तोही पेरणीलाच, कारण गाठीच्या कामाला तो लागतो. कापणीनंतर गाठी तपासायच्या. तीन आठवड्यांनी टोकं गुलाबी असतील तर युरियाला हात लावायचा नाही. तीन आठवड्यांनीही बहुतेक गाठी तपकिरी किंवा हिरव्याच असतील, पाला पिवळट असेल, तर हलका हात देऊन ती कापणी निभावून न्यायची, आणि कारण शोधायचं. कारण बहुधा तीनपैकी एक निघतं, कमी दिवसांत कापलं, पाणी तुंबलं, किंवा जिवाणू संवर्धकच बसलं नव्हतं.

पाण्याचं वेगळं सांगायला हवं. कापणीनंतर पाणी द्यायचंच, पण वाफ्यात तळं करायचं नाही. कापलेल्या झाडाच्या गाठीची प्राणवायूची वाट आधीच आवळलेली असते. त्यात माती चोवीस तास पाण्याखाली राहिली तर जमिनीतली हवाही गेली. हलकं पाणी, लवकर वापसा. भारी काळ्या रानात ज्यांचं बरसीम आहे त्यांनी याकडं जास्त लक्ष द्यावं.

शेवटची गोष्ट शेवटच्या कापणीची. एप्रिलमध्ये ऊन वाढलं की बरसीमचा जोर संपतो. रिवाज असा की शेवटचा पालाही विकून टाकायचा आणि रान नांगरून टाकायचं. यंदा मी शेवटचा फुटवा विकला नाही. तीन आठवडे वाढू दिला आणि हिरवा असतानाच रोटाव्हेटरनं मातीत मिसळला. हंगामभर गाठींनी धरलेला नत्र आपण पेंढ्या-पेंढ्यांनी बाहेर पाठवत आलो. त्यातला शेवटचा हप्ता तरी त्याच रानात राहावा, एवढाच हेतू. त्या तुकड्यावर खरिपात बाजरी येणार आहे. कशी येते ते इथंच कळवीन, चांगली आली तरी आणि नाही आली तरी.

मावशींना आधीच सांगून ठेवलं होतं की शेवटची फेरी विक्रीला नाही. गाडणी चालू होती तेव्हा त्या बांधावर उभ्या होत्या. म्हणाल्या, "एवढा हिरवा पाला मातीत घालतोस, जीव व्हत न्हाय बघवत." त्यांचं खोटं नव्हतं. माझाही जीव झाला नाही सगळा गाडायला. चार वाफे त्यांच्यासाठी ठेवले.

आता तुमचं काम. ज्यांच्याकडं बरसीम किंवा लसूणघास उभी आहे त्यांनी कापणीनंतरचा एकविसावा दिवस धरा. वाफ्याच्या मधल्या भागातून पाच झाडं कुदळीनं ढेकळासकट उचला, बादलीत भिजवा, धुवा आणि गाठींची टोकं नखानं फोडा. सोबत तीन गोष्टी वहीत लिहा, किती दिवसांनी कापलं, बुडखा किती बोटं ठेवला आणि कापणीनंतर काय टाकलं. टोकं गुलाबी दिसली तर तुमच्या रानात फुकटचा कारखाना चालू आहे. तपकिरी दिसली तर फेरी लांबवता येते का तेवढं बघा.

भेटू पुढच्या नोंदीत. राम राम.